नाडी

हर्णैच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यात मी लाद्या फोडायचो.
रुपयाचे नुकतेच शंभर पैसे झाले होते
आणि आई अजून आण्यातच मोजायची.

मे महिन्यात मुरुडचा वैशंपायन डॉक्टर आला,
मुंबईच्या इस्पितळातून, सुट्टीवर.
मुकादमशेठना म्हणाला, रात्रीपुरती जागा द्या,
चार लाद्या, एक टप आणि हा पोरगा.
शेठ म्हणाले, मासळी सोडून काय ठेवणार बर्फात?
तो म्हणाला, वेळ.
शेठनी लाद्यांचे पैसे आगाऊ घेतले.

बंदरावरचं भटकं कुत्रं. इथरच्या वासाने
मलाच आधी गुंगी आली.
चादरीत गुंडाळून टपात निजवलं, वर बर्फाचा चुरा,
पाणी विहिरीचं. खारं नको, म्हणाला,
खाऱ्यात फार गार होईल.
मला सुरमई ठाऊक होती, पापलेट ठाऊक होतं,
किती पाट्यांना किती लाद्या,
मुंबई गाठेपर्यंत किती भुसा.
पण हात लावला तर ह्याच्या बरगडीखाली
होडीच्या तळाचं पाणी हलावं
तसं काहीतरी हलत होतं.

पारा उतरला. त्याने इंजिन बंद करायला लावलं.
जन्मात मी कारखाना गप्प ऐकला नव्हता.
लाद्या ठिबकत होत्या.
मोटारीच्या बॅटरीवर एकच दिवा.
श्वासासाठी फुटबॉलचा ब्लॅडर, तो दाबायचा मी:
एक, दोन, सोड.
एक, दोन, सोड.

काळजाकडे येणाऱ्या दोन मोठ्या शिरांभोवती
त्याने नाडी टाकली. हो, नाडीच,
परकराची असते तसली, पांढरी, सुती,
त्याच्या वहिनीने उकळून दिलेली.
"घड्याळ बघ," म्हणाला. "आठ मिनिटं आपली."
नाडी ओढली
आणि नाडी थांबली.

काळीज उघडं. आत रक्ताचा थेंब नाही,
तरी जाळं रिकामं ओढावं तसं
सावकाश आकसत होतं.
त्याने मुद्दाम एक भोक पाडलं, मग ते शिवू लागला.
हात कापत नव्हते. दोरा सापडत नव्हता.
नवव्या मिनिटाला ते थरथरू लागलं,
पाटीतल्या जिवंत कोळंबीसारखं,
सगळीकडून, आणि कुठेच नाही.

सुरूच्या बनात चार कुत्री पुरली.
चौथ्या रात्री डॉक्टर टपाच्या कडेला बसून राहिला.
नाक पुसत होता. बर्फाने असेल.

पाचवी कुत्री होती, एक कान फाटलेला.
सात मिनिटं वीस सेकंद.
नाडी सोडली. त्याने काळीज मुठीत धरून दाबलं,
मी ब्लॅडर दाबला, बाहेर चुलीवर
हंडे तापत होते, शेठ स्वतः फुंकर घालत होते.
पहाटे तिने माझ्या मनगटावरचं मीठ चाटलं.

दोन वर्षांनी कार्ड आलं.
मुलगी, नऊ वर्षांची. सहा मिनिटं. आता जिने चढते.
खाली, घाईच्या अक्षरात: कुत्री कशी आहे?
तिची तीन बाळंतपणं ह्याच बंदरात झाली.
मला लिहिता येत नव्हतं. शेठ म्हणाले, मी कळवतो.
कळवलं की नाही, विचारायचं राहिलं.

परवा चिपळूणला माझीच छाती उघडली.
मशीनवाला पोरगा नळ्या जोडत होता,
वर एक चाक, नळी दाबत दाबत फिरणारं,
गाईची धार काढावी तसं.
विचारलं, बाबा, मिनिटं किती?
हसला. "लागतील तितकी, आजोबा.
रक्त थोडं गारही करू."

गार म्हटल्यावर मी उठून बसायला गेलो.
त्याला सांगायचं होतं,
खारं पाणी घेऊ नको, विहिरीचं घे.
पण नर्सने खांदा दाबला, वर दिवे लागले,
आणि मी मोजायला लागलो होतो:
एक, दोन,